कोरं ठेवलेलं पान

शलोमी उजागरेचं पाठांतर पनवेलच्या त्यांच्या लहानशा मंडळीत नावाजलेलं होतं. रविवारच्या शाळेतल्या इतर मुलांना एक सुवर्णवचन पाठ करायला आठवडा लागे. शलोमी मात्र उपासना संपून चहाची किटली येईपर्यंत ते पाठ करून मोकळी व्हायची. दर नाताळात तिला पाठांतराचं बक्षीस मिळे, आणि ते बहुतेक स्टीलचा डबाच असे. त्यामुळे उजागऱ्यांच्या घरातली डाळ, साखर, पोहे, रवा, सगळं शलोमीच्या बक्षिसांतच भरलेलं होतं. मम्मी गमतीनं म्हणायची, "हिनं पाठांतर सोडलं तर आपल्याला डबे विकत आणावे लागतील."

आता ती एकोणीस वर्षांची होती, एस.वाय.बी.ए.ला. ज्या पाठांतराचं जन्मभर कौतुक झालं, तेच शुक्रवारी दुपारी कॉलेजच्या कँटीनमध्ये तिच्या गळ्याशी आलं.

तिची मैत्रीण मनस्वी घरत समोर येऊन बसली आणि तिनं पिशवीतून एक जाड वही काढून टेबलावर आपटली. निळ्या कव्हरची, लाल फीत लावलेली. अक्षर शलोमीचं.

"शलू, पहिलं पान कुठंय?"

"कुठलं पहिलं पान?"

"हे काय! वर लिहिलंयस 'देव बोलावणं'. खाली दोन रेघा मारल्यास. आणि मग वाळवंट! पुढच्या पानावर एकदम हळद दळायलाच बसल्यात बायका."

शलोमीनं पानाकडं पाहिलं. ते कोरं होतं हे तिला पाहण्याआधीच माहीत होतं, तरी तिनं पाहिलं.

"मंगळवारी भावेशदादाची हळद आहे," मनस्वी म्हणाली. "नेऱ्याची ठमाबाई येणार आहे धवला म्हणायला. काल तिनं बाबांना फोन केला. म्हणाली, बाकीचं मी सगळं म्हणते, पण देव तुमच्या घरचे तुम्हीच द्यायचे, ते कोणी बाहेरचं देत नाय. बाबा म्हणाले, आहे ना, पोरींनी वहीत लिहून ठेवलंय! मोठ्या तोऱ्यात म्हणाले गं. आणि रात्री वही उघडली तर हे."

"बाबांना येत नाहीत?"

"बाबांना? एकवीरा, खंडोबा, गावदेवी आणि म्हसोबा. त्यापुढं त्यांची गाडी बंद. आजी तर..." मनस्वी थांबली.

आजीची वाचा संक्रांतीनंतर गेली होती. उजवा हात आणि जीभ, दोन्ही एका सकाळी. कळायचं सगळं, बोलता यायचं नाही.

"बघते घरी," शलोमी म्हणाली. "कच्च्या वहीत असेल."

कच्ची वही कधी नव्हतीच.

*

झालं होतं ते असं. मागच्या दिवाळीत लोकसाहित्याच्या पेपरासाठी दोघींनी मिळून प्रकल्प घेतला होता. मनस्वीची आजी हौसाबाई गव्हाणची जुनी धवलारीण. आगरी लग्नात भटजीच्याही आधीपासून लग्न लावणारी ती बाई, आणि तिची गाणी म्हणजे धवले. गावोगाव तिला बोलावणं यायचं. आजी गाणार, शलोमी लिहिणार आणि टाइप करणार, मनस्वी चहा करणार आणि अवघड शब्दांचे अर्थ सांगणार, अशी वाटणी ठरली.

पण आजीचा एक नियम होता. रोज बसलं की धवला पहिल्यापासून सुरू व्हायचा.

"आजी, काल देवांचं झालंय ना, आज पुढचं सांगा," शलोमीनं दुसऱ्या दिवशी म्हणून पाहिलं होतं.

"आसा कसा गो पोरी? देव बोलवल्याबिगर धवला उचलायचा नाय. तुज्या घरी पावन्यांना न बोलवता जेवनाचं ताट वारतस काय?"

आणि आजी डोळे मिटून एकेका नावाला हाक घालायची. प्रत्येक नावामागं तीच ओळ यायची:

*येवा गो येवा, मांडवान येवा,*
*हलदीचे मानाचा इडा घेवा.*

ते चालू असताना शलोमी पेनाचं टोपण लावून बसायची. फोनवरचं रेकॉर्डिंगही ती नावं संपल्यावरच सुरू करायची. आपल्या हातानं ही बोलावणी लिहायची, तीही दुसऱ्या देवांना? बायबलच्या दहा आज्ञांतली पहिलीच ती, दुसरे देव नकोत. लहानपणी ती शिकली होती, आणि आता रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होती. म्हणून आजी हाका मारायची तेव्हा शलोमी मनातल्या मनात एक स्तोत्र म्हणत राहायची, कानांवर पडदा घातल्यासारखं. 'हे पान नंतर बघू,' असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ते तसंच राहिलं. मनस्वी त्या वेळी ओट्यापाशी. तिच्या कानांना ती हाक जन्मापासूनची, म्हणून तिनं ती कधी नीट ऐकलीच नव्हती.

पाच बैठका झाल्या. म्हणजे पाच वेळा ती नावं शलोमीच्या कानांवरून गेली. तिच्या डोक्यात आत जायला दोनदा पुरतं, हे ती विसरली होती.

प्रकल्पाच्या शेवटी एक छापील वाक्य होतं: 'हे संकलन आम्ही प्रत्यक्ष ऐकून, संपूर्ण व जसेच्या तसे केले आहे.' मनस्वीनं न वाचता सही केली. शलोमीनं वाचून केली.

*

उजागऱ्यांच्या घरी सातच्या सुमाराला, मम्मी दवाखान्यातून ड्यूटी करून आली की प्रार्थना होई. घरातल्या प्रत्येकानं ओळीनं नावं घ्यायची अशी रीत होती: आजारी असलेल्यांची, परीक्षेला बसलेल्यांची, नोकरी शोधणाऱ्यांची. पप्पांची यादी लांबलचक असे. खालच्या मजल्यावरचे जोशीकाका, पॅथॉलॉजी लॅबमधला त्यांचा जोडीदार, नगरकडचे सगळे चुलत-मावस भाऊ. शलोमी लहान असताना त्या यादीतच झोपी जायची.

त्या शुक्रवारी तिनं स्वतःच्या पाळीला मनस्वीच्या आजीचं नाव घेतलं, आणि प्रार्थना संपल्यावर पप्पांना सगळं सांगितलं.

पप्पांनी चष्मा काढून पुसला. ते विचारात पडले की चष्मा पुसत.

"म्हणजे ती नावं तुला येतात?"

"एकवीसच्या एकवीस. क्रमानं."

"आणि त्यांनी मागितली तर तू ती सांगायची की नाही, हा प्रश्न."

"हो."

"माझे आजोबा," पप्पा म्हणाले, "ज्या दिवशी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्या दिवशी घरातले टाक फडक्यात बांधून प्रवरेत सोडून आले. त्यानंतर भाऊबंदांनी त्यांच्याशी रोटी तोडली. सख्खा भाऊ गेला तेव्हा त्यांना घरात घेतलं नाही गं. मागच्या दारी उभं केलं. तिथूनच त्यांनी भावाला पाहिलं. इतकं सोसून जी नावं त्यांनी तोंडातून काढून टाकली, ती तू पुन्हा तोंडात घ्यायची? मला विचारशील तर नको. पण तू आता लहान नाहीस. तुझं तू ठरव."

"आणि मी 'संपूर्ण' लिहून सही केली, त्याचं काय?"

पप्पांनी पुन्हा चष्मा काढला. आधीच स्वच्छ असलेल्या काचा ते पुन्हा पुसू लागले.

शनिवारी गाण्याच्या सरावानंतर तिनं पाळकसाहेबांना गाठलं. पाळकसाहेब तिशीतले, मंडळीत नुकतेच आलेले, मायक्रोफोनच्या वायरी स्वतःच गुंडाळणारे. त्यांनी वायर गुंडाळता गुंडाळता ऐकलं आणि मग गुंडाळणंच थांबवलं.

"असं कर, म्हणू नकोस. लिहून दे."

"लिहिणं चालतं?"

"लिहिणं म्हणजे माहिती. म्हणणं म्हणजे... थांब हं. पण लिहून दिलंस ते ते लोक म्हणणारच ना? म्हणजे तू दुसऱ्याच्या वाटेत अडखळण ठेवल्यासारखं होईल का?" त्यांनी कपाळ खाजवलं. "पण खोटी सही केलीस, ती दुरुस्त करायलाच हवी. ते पक्कं. नाही का?"

"तेच तर मी तुम्हाला विचारायला आले, साहेब."

"हो, हो. आपण प्रार्थना करू."

त्यांनी मनापासून प्रार्थना केली. संध्याकाळी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आला, पावणेचार मिनिटांचा. पहिली दोन मिनिटं 'दे', पुढची दीड 'देऊ नकोस', आणि शेवटी, 'शलोमी, मलाही नीट कळत नाहीये. शास्त्रात शेजाऱ्याचा चुकलेला बैल सापडला तर नेऊन द्यायला सांगितलंय एवढं आठवलं. पण हा बैल आहे का, ते मी सांगू शकत नाही.'

शलोमीला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. तिच्या डोक्यात पहिली आणि नववी आज्ञा दोन भावंडांसारख्या भांडत होत्या. एक म्हणे, दुसरे देव नकोत. दुसरी म्हणे, शेजाऱ्याविरुद्ध खोटं नको. आणि दोघी तिचाच पदर ओढत होत्या.

*

रविवारच्या शाळेत तिच्याकडं पाच ते आठ वर्षांची मुलं होती. त्या दिवशीचं वचन सहा ओळींचं होतं. जेमिमा नावाची सहा वर्षांची चिमुरडी पुढं आली, हात मागं बांधले आणि एका दमात भडाभडा म्हणून टाकलं.

"झालं!"

"नाही झालं, ताई!" मुलं ओरडली. "हिनं एक ओळ खाल्ली! मधली!"

"नाही खाल्ली!"

"खाल्लीस! 'लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या' ही कुठंय?"

जेमिमाचा चेहरा पडला. "ती अवघड आहे," ती पुटपुटली. "म्हणून मी ती बाजूला ठेवली."

मुलं हसली. शलोमीही नेहमीसारखी हसणार होती, पण तिला हसता येईना. कारण ज्या नावामुळं दोन दिवस तिला झोप नव्हती, ते देवाचं नव्हतंच.

आजीच्या हाकांमध्ये चौदाव्या जागी, वेशीवरच्या वेताळाच्या आणि दर्याच्या मधे, एक नाव यायचं: शकू. तिसऱ्या बैठकीला शलोमीला राहवलं नव्हतं. तिनं विचारलं होतं, "आजी, ही शकू कोणती देवी?"

"देवी नाय गो," आजी म्हणाली होती. "माजी पोर. पयली. पाच दिसांची व्हती. सटवी पुजायचे आदीच गेली. तिचा बारसा नाय, लगीन नाय, काय नाय. म्हनून मी तिला सगल्यांचे लगनान बोलवतंय."

"घरात माहीत आहे?"

"कोनाला सांगू? ऐकतंय कोन? बाजा वाजतंय, पोरा नाचतान. मी हाक मारतंय, ती येतंय. बास."

शलोमीनं तेव्हाही पेनाचं टोपण काढलं नव्हतं. एक नाव लिहायचं तर आजूबाजूची वीस नावंही लिहावी लागली असती. पाच दिवसांच्या त्या मुलीलाही तिनं अवघड म्हणून बाजूला ठेवलं होतं. आणि आता आजीची जीभ गेल्यावर ती मुलगी आजीच्या मनाबाहेर जगात एकाच ठिकाणी उरली होती. शलोमीच्या डोक्यात.

"ताई, मी पुन्हा म्हणू?" जेमिमानं विचारलं.

"म्हण," शलोमी म्हणाली. "सगळं म्हण."

*

दुपारी ती एकटीच गव्हाण फाट्याला उतरली. घरतांचं घर तीन मजली, बाहेरून जांभळ्या टाइलचं. दारात मांडवाचे पाइप उभे राहिले होते आणि दोन मुलं त्यांना कापड गुंडाळत होती. वरून एक विमान इतकं खालून गेलं की पाइपवरचं पोर दचकून शिव्या देत खाली उतरलं.

मनस्वीनं तिला पाहताच विचारलं, "मिळाली कच्ची वही?"

"कच्ची वही नाहीये. कधीच नव्हती. मी ते पान मुद्दाम लिहिलं नाही."

मनस्वीच्या हातात झेंडूच्या फुलांची परात होती. ती तिनं सावकाश खाली ठेवली.

"मुद्दाम?"

"मला वाटलं, मी ती नावं लिहिली तर... आमच्यात ते..."

"आमचे देव तुना बाटवतील?" राग आला की मनस्वीची भाषा कॉलेजातून थेट घरात यायची. "आमचे घरचा जेवान चाललं, निवट्यांचा कालवन चाटून खाल्लास, आमचे आजीचे मांडीवर डोका ठेवून झोपलीस, आनि आजीची हाक तेवढी तुना चालली नाय?"

"तसं नाही गं—"

"मग कसं? नाताळात मी तुझ्या चर्चमधी शिडीवर चढून तो तारा लावला. अर्धा लावून खाली उतरले होते मी? माझा देव रागवंल म्हणून?"

शलोमी म्हणाली, "माझं चुकलं. लिहायचं नव्हतं तर तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, आणि वर संपूर्ण म्हणून सही केली. उद्या सरांनाही सांगणार आहे. तुझं नाव मधे येऊ देणार नाही."

"सरांचं काय लोणचं घालायचंय? मंगळवारी काय करू ते सांग!"

"मला पाठ आहेत."

"काय?"

"नावं. सगळी. ओळीनं."

मनस्वी तिच्याकडं बघतच राहिली. मग तिला रागात हसू फुटलं, आणि ते तिलाच आवडलं नाही. "म्हणजे लिहायला पाप लागतं, आणि डोक्यात घेऊन फिरायला नाय? शाबास! मग म्हण की."

"तेच मला कळत नाहीये," शलोमी म्हणाली. "खरंच कळत नाहीये, मनू. तीन दिवस झाले. सांगितलं तरी चुकेल, नाही सांगितलं तरी चुकेल. मला आजीकडं घेऊन चल."

*

आजी खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. खाटेच्या कडेला काशीराम घरत, मनस्वीचे बाबा, कागदावर चार नावं लिहून पाचव्यापाशी पेन चावत बसले होते. एरवी भर ग्रामसभेत बोलणारा माणूस, पण आता परीक्षेत अडलेल्या मुलासारखा दिसत होता.

"ये पोरी," ते म्हणाले. "आनलास का पान?"

"आणलं नाही, काका. मी आलेय."

ती आजीच्या डाव्या हाताशी जमिनीवर बसली. आजीचे डोळे तिच्यावर होते, पूर्वीसारखेच तीक्ष्ण.

"आजी, तुम्ही देव बोलवायचात तेव्हा मी पेन बंद करून बसायचे. तुम्ही पाहिलं होतं का?"

आजीनं मान हलवली. पाहिलं होतं.

"मग रागावला का नाहीत?"

आजीचा डावा खांदा किंचित उचलला गेला. तो राग होता, माफी होती, की 'तुझं तू जाण' होतं, ते शलोमीला कळलं नाही. विचारून उत्तर मिळण्यासारखं नव्हतं.

"मला ती नावं येतात. पण हाक मी नाही मारू शकत, आजी. मी ज्याला हाक मारते तो एकच आहे. तोंडानं एक आणि मनात दुसरं, असं करून मी तुमच्या देवांनाही फसवीन आणि माझ्याही. म्हणून असं करू. मी नुसती नावं सांगते, हजेरी घेतल्यासारखी. हाक तुम्ही मारा, मनात. चालेल?"

काशीराम काही बोलणार होते. आजीनं डावा हात उचलला आणि ते गप्प झाले. मग तो हात तिनं खाटेच्या कडेवर ठेवला, तळवा वर करून.

मनस्वी वही घेऊन भिंतीला टेकली. पहिलं पान उघडलं.

शलोमीनं डोळे उघडेच ठेवले. प्रार्थनेत ती मिटत असे, म्हणून मुद्दाम. "एकवीरा," ती म्हणाली. आजीची बोटं मिटली आणि उघडली. "गावदेवी." पुन्हा मिटली. "खंडोबा. म्हसोबा. जरीमरी." ती सपाट आवाजात सांगत होती, पण सपाट राहणं सोपं नव्हतं. शब्दांना आजीच्या चालीची सवय होती. ते ओढ घेत. मिठागराच्या बांधावरचा राखणदार आला. खाडीच्या तोंडावरची माउली आली. साप चावून गेलेला आजीचा दीर विठू आला, तेव्हा काशीराम म्हणाले, "विठूकाका? तो बी हाय यात?" वेशीवरचा वेताळ आला.

"शकू," शलोमी म्हणाली.

आजीची बोटं मिटली, आणि उघडली नाहीत.

मनस्वीनं लिहिता लिहिता वर पाहिलं. "ही कुठली देवी?"

शलोमीनं आजीकडं पाहिलं. सांगू? आजीनं डोळे एकदा मिटून उघडले.

"देवी नाही. तुझी आत्या. बाबांच्या आधीची. पाच दिवसांची होती."

खालून मांडवाच्या पाइपांचा आवाज येत होता. काशीराम आईकडं बघत होते, जणू तिला पहिल्यांदाच नीट पाहत होते. "आई," ते म्हणाले, "मना कवा सांगितला नाय." मग, अगदी हलक्या आवाजात, "सांगितला आसंल. मीच बाज्यात व्हतो."

आजीची मिटलेली मूठ हळूहळू उघडली. पुढं म्हण, असं ती सांगत होती.

एकविसावं नाव झालं. मनस्वीनं शेवटी रेघ मारली. "झालं," ती म्हणाली.

पण आजीचा तळवा उघडाच होता. ती वाट पाहत होती, आणि कशाची ते फक्त शलोमीला माहीत होतं. नावं संपली की आजी एक शेवटची ओळ म्हणायची. तिच्यात नाव नव्हतं. आणि त्या ओळीचीच शलोमीला सगळ्यात जास्त भीती वाटायची, कारण ती म्हणताना आजी डोळे उघडून तिच्याकडं, घरात आलेल्या पाहुणीकडं, बघायची.

ती ओळ हजेरीसारखी सांगता येईना. दोनदा सुरुवात केली, दोनदा अडली. तिसऱ्यांदा चाल आपोआप आली:

*नाव जेचा ऱ्हायला, तेनंबी येवा,*
*मागचे दारी उबा नको रं, पुरं येवा.*

आजीनं तिचा हात धरला. धरला तो बराच वेळ सोडला नाही. मनस्वी ओळ लिहून घेत होती आणि नाक ओढत होती. ती अजून रागावलेलीच होती. शलोमीला सोडायला ती फाट्यापर्यंत आली, पण वाटेत एकच वाक्य बोलली, "मंगळवारी ये. नाय आलीस तर बघ. गायचं नाय तर नको गाऊ, जेवायला तर ये."

*

बसमध्ये शलोमीला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. मी सांगितलं की गायले? शेवटची ओळ मी कोणासाठी म्हटली? ज्याचं नाव राहिलं तो म्हणजे कोण? आणि मागच्या दारी उभे असलेले पप्पांचे आजोबा मधेच डोळ्यांसमोर का आले? तिनं मनात स्तोत्र म्हणून पाहिलं. पहिली ओळ आली आणि दुसरीच्या जागी भलतंच काही येऊ लागलं, तेव्हा तिनं नाद सोडला आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

सात वाजता प्रार्थना झाली. मम्मीनं तिच्या वॉर्डातल्या पेशंटांची नावं घेतली. पप्पांनी जोशीकाकांपासून सुरुवात करून सगळा नगर जिल्हा घेतला. मग शलोमीची पाळी. तिनं हौसाआजीचं नाव घेतलं, मनस्वीचं, भावेशचं आणि त्याच्या होणाऱ्या बायकोचं, काशीरामकाकांचं. थोडं थांबून, जेमिमाचंही.

मग तिच्या तोंडातून निघून गेलं, "आणि ज्यांची नावं राहिली, ज्यांना आम्ही मागच्या दारी उभं केलं, त्यांनाही पुढं बोलाव."

तिनं दचकून डोळे उघडले. पप्पांचा एक डोळा उघडा होता. तो तिच्याकडं पाहत होता.

"आमेन," पप्पा म्हणाले. चष्मा काढून ते पुसू लागले. "हे शेवटचं फार चांगलं होतं गं. मला आजोबांची आठवण झाली. पाळकसाहेबांनी शिकवलं?"

"नाही."

"मग?"

मम्मी ताटं घ्यायला उठली होती. ती तिथंच थांबली. शलोमीला वाटलं, आत्ता गप्प बसलं तर कोणाचंच काही बिघडणार नाही. पप्पांना ओळ आवडली आहे. ती तशीच राहू दे. आणि त्याच वेळी तिला त्या निळ्या वहीचं कोरं पान दिसलं, तिच्याच सुंदर अक्षरातल्या शीर्षकाखालचं.

"सांगते, पप्पा," ती म्हणाली. "पण तुम्हाला आवडेल की नाही, मला माहीत नाही. मलाच कळत नाहीये, मला आवडलंय की नाही."

"बस," पप्पा म्हणाले, आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

ती बसली, आणि पहिल्या पानापासून सांगू लागली.